सगळ्यांनी दाबलेलं ‘नंतर’

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

जमलं एकदाचं! रोपवाटिकांसाठी केलेल्या माझ्या ॲपमधलं ‘दुरुस्ती’ बटण नोंदी सांधायच्या ऐवजी गायब करत होतं. परवाच सुधारलं, पण अपडेटची सूचना आली की सगळे ‘नंतर’ दाबून मोकळे. ‘कृपया अद्ययावत करा’... असं कोण बोलतं आपल्याकडे? मलाच कुठून सुचलं?

आज सकाळी नवी सूचना धाडली: ‘आधी हे नवं घ्या, मंगच दुरुस्ती दाबा. हरवलेलं सापडते.’

दुपारी अचलपूरहून शोभाकाकूंचा फोन. त्यांची संत्र्याची रोपवाटिका.

“कोणतं कलम कोणत्या झाडाचं, सारं वापस आलं रे!”

“मंग आधी काहून नाही घेतलं, काकू?”

“तवा मशीन सांगत होती. आज तू सांगतलं.”

आई तिसऱ्यांदा जेवायला बोलावतेय. मीही ‘नंतर’च म्हणतोय.