ट्रेमधल्या अक्षता

नंदिगड्डे, ता. जोयडा

प्रिय शिल्पा,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. फोनवर बोलायचं तर वरच्या वळणापर्यंत चढून जावं लागतं, आणि तिथं कोणी ना कोणी रेंज धरून उभं असतंच. चारचौघांत मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. म्हणून लिहितो. इथं सगळं ठीक आहे. तुझ्या आत्तीचा गुडघा दुखतो, तरी कापणीला जातेच. मी सांगून ती ऐकत नाही. पूर्वी सून म्हणून तू सांगितलंस तर ऐकायची.

गणपतीनंतर तुझा भाऊ निखिल येऊन गेला. त्याने दोन गोष्टी विचारल्या. एक, आपल्या सूरजच्या कॉम्प्युटरमधले फोटो तुला हवेत, या घरातलं बाकी काही नको. दुसरी गोष्ट तुला ठाऊकच आहे. तिचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. चहा झाला, तो थोडा वेळ बसला, मी अंगणातल्या सुपारीकडे बघत राहिलो, मग तो उठून गेला. फोटोंना मात्र मी लगेच हो म्हटलं होतं. सूरजचा फोन त्या दिवशी गाडीबरोबर नदीत गेला तो मिळालाच नाही. म्हणजे फोटो असतील तर याच मशीनमध्ये. पण चालू करून बघितलं तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि पुढे काहीच नाही. सूरज गेल्यापासून ते पडवीत चादरीखाली होतं. पावसाळाभर ओल, त्यात वीज सारखी येते-जाते.

रामनगरच्या कॉम्प्युटरवाल्या प्रशांतला फोन केला. सूरज त्याच्या फोटोच्या दुकानाचं सामान त्याच्याकडूनच आणायचा. तो म्हणाला, विंडोज बिघडलंय, नवीन घालावं लागेल, मशीन घेऊन या. बसमध्ये आपटत ते न्यायला माझं मन होईना. शेवटी त्याने कंडक्टरच्या हाती डिस्क पाठवली आणि काय काय दाबायचं ते फोनवर सांगितलं. सुपा धरणावर पाण्याची पातळी वाचण्यात माझी सगळी नोकरी सरली. सांगितलेलं क्रमाने करणं एवढं मला येतं.

डिस्क घातली. निळा पडदा आला, भाषा विचारली, इन्स्टॉल म्हटलं, आणि तिथंच अडलं. ड्रायव्हर नावाचा कसलासा प्रोग्रॅम सापडत नाही, तो द्या, असं मागायला लागलं. सूरजच्या कपाटात काही मिळेल म्हणून मी ते सगळं उपसलं. वायरी निघाल्या, पासपोर्ट फोटो कापायची कात्री निघाली, ड्रायव्हर काही निघाला नाही. पुन्हा वळणापर्यंत चढून फोन. प्रशांत म्हणाला, ते ड्रायव्हर मागतं, पण पुष्कळदा डिस्कच नीट वाचली जात नसते, आधी ट्रे साफ करा. ट्रे पुरता बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात बघितला. आतल्या खाचेत तांदळाचे दाणे अडकले होते, कुंकवाने लाल झालेले.

तुझा पहिला दसरा मला तेव्हा आठवला. कोयते, विळे, कुदळी मांडून झाल्या होत्या आणि सूरजने शेजारी कॉम्प्युटर ठेवला होता. तू ताट घेऊन आलीस तेव्हा त्याने मुद्दाम बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. तुला वाटलं, पूजेसाठीच काढलाय. तू त्यावर हळदकुंकू घातलंस, अक्षता वाहिल्यास, झेंडूचं फूलही ठेवलंस, आणि तो गंभीर तोंड करून बघत राहिला. मग पुन्हा बटण दाबून सगळं आत घेतलं. आत्ती म्हणाली, "पुसून काढ की रे, बिघडंल त्ये." तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. आज मशीन जेवलंय." तू दिवसभर त्याच्याशी बोलली नव्हतीस. फूल त्याने नंतर काढलं, पण अक्षता राहिल्या. पुढे तो पेनड्राइव्हच वापरायचा, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही. दाणे मी चिमट्याने काढून देवाजवळ ठेवले आहेत. टाकवेना.

ट्रे साफ केल्यावर डिस्क चालली, पण पुढे वेगळीच अडचण आली. प्रशांतने सांगितलं होतं की सी ड्राइव्ह निवडा. तिथं सी नाही आणि डीही नाही, नुसते पार्टिशन, म्हणजे कप्पे, आणि त्यांचे आकार. त्यातला कुठलाही निवडला तरी मशीनच्या आतल्या या डिस्कवर विंडोज बसणार नाही असं उत्तर. पुन्हा चढलो. प्रशांत म्हणाला, "काका, सगळे पार्टिशन डिलीट मारा आणि नवीन करा. पाच मिन्टांचं काम." मी म्हटलं, आत सूरज आहे. मला फोटो म्हणायचं होतं. तेव्हा तो म्हणाला की दुसरा रस्ता आहे. मशीन सुरू होताना मी पाठवलेल्या डिस्कचं नाव दोनदा दिसतं, त्यातलं ज्याच्यापुढे यूईएफआय लिहिलेलं नाही ते घ्या. आणि फॉरमॅटला अजिबात हात लावू नका. फॉरमॅट केलं नाही तर नवीन विंडोज जुन्यातलं सगळं उचलून एका फोल्डरमध्ये ठेवतं आणि आपण शेजारी बसतं.

तसंच झालं. आकडा हळूहळू वर जात होता आणि वीज जाऊ नये एवढंच मी म्हणत होतो. आत्ती दारात बसून होती. शेवटी पडदा उजळला. नवा, रिकामा. सूरजने लावलेलं गुलमोहराचं चित्र नव्हतं. प्रशांतने सांगितलेल्या जुन्या फोल्डरमध्ये मात्र त्याच्या नावाची जागा होती, आणि सगळं तिथं होतं.

एक आधीच सांगतो, म्हणजे तुला वाईट वाटणार नाही. लग्नाचे सोडले तर त्यात सूरजचे फोटो फार नाहीत. फोटो काढणारा तोच होता. तुझे पुष्कळ आहेत. मागचा पडदा बदलला, दिवा हलवला, की आधी तुला बसवून तो उजेड बघायचा असं दिसतं. कशात तू डोळे मिटलेत, कशात हातात पिठाची परात आहे. एका फोटोत तुझ्यामागे पांढरं कापड धरलेला त्याचा हात आला आहे, मनगटापर्यंत. आत्ती तो फोटो पुढे सरकवू देत नाही. त्याची प्रत आम्ही ठेवून घेतली, बाकी सगळं पेनड्राइव्हवर घातलं आहे.

आता दुसरी गोष्ट. निखिल म्हणाला होता की तुझ्यासाठी बघितलेला मुलगा चांगला आहे, माणसं समजूतदार आहेत, पण मामा आणि आत्तीचा शब्द आल्याशिवाय शिल्पा हो म्हणत नाही. फोटो निघाले की उत्तर देऊ, असं मी मनाशी म्हणत राहिलो. खरं तर मशीन अडायचं तेव्हा मला थोडं बरंच वाटायचं. काल पेनड्राइव्ह भरून झाला तेव्हा आत्ती समोर येऊन बसली. म्हणाली, "आता कशाची वाट बघताय? पोरगी तिकडं थांबलीया." शिल्पा, आमच्या दोघांचा होकार आहे. तो कळवायलाच हे पत्र लिहायला बसलो होतो. निखिल येईल तेव्हा पेनड्राइव्हबरोबर आत्ती खण-नारळ देणार आहे, तो ठेवून घे. लग्नाला आम्ही येऊ. फक्त पुढे बसवू नकोस. मागे, दाराजवळ कुठंतरी दोन खुर्च्या असू देत.

तुझाच,
मामा