तळघरातल्या बाईचा आवाज

३ मार्च
आले एकदाची! कारखाना कसला, गॅरेजच ते. माणसंही दोनच: मालक आणि त्यांची बायको. मालक पिनबॉलची, म्हणजे गोळी उडवून खेळायची, यंत्रं जुळवतात, काकू त्यांच्या काचेवर चित्रं रंगवतात. काकू बोलत नाहीत, पाटीवर लिहितात. नव्या यंत्राचं नाव ‘तळघर’. पोलादी गोळी मधल्या भोकात पडली की तळघरातली बाई हाक मारणार. मी वायरी सोल्डरने जोडायच्या. राहायला वरची खोली. फोनवर दादा म्हणाला, तिशी आली तरी खेळणी सुटली नाहीत तुझी!

६ मार्च
त्या बाईसाठी माझाच आवाज घेतला. तीन हाका आणि एक किंकाळी. मालक जाम खूश. काकू मात्र ब्रश टाकून बाहेर निघून गेल्या.

९ मार्च
चाचणीत यंत्र भलतंच बोललं. माझ्या आवाजात, ‘सोल्डर संपत आलंय.’ सकाळी मी मालकांना हेच म्हणाले होते. माईक चालू राहिला असेल, मालक म्हणाले. यंत्राला माईकच नाही. आणि तेव्हापासून मला ‘सोल्डर’ म्हणता येत नाही. ओठ हलतात, शब्द निघत नाही.

११ मार्च
डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. पण यंत्र जो शब्द बोलतं तो माझा जातो. आज ‘पाणी’ गेलं. खुणा करून मागितलं. काकूंनी पाटीवर लिहिलं, ‘पहिल्या यंत्राला मी आवाज दिला होता.’ मालकांची चाहूल लागताच पुसून टाकलं.

१२ मार्च
बॅग भरली. मालकांनी हात जोडले, एक दिवस थांब, आवाज परत काढून देतो. थांबले. मूर्ख मी. प्लग काढलेला, तरी यंत्र बोलतंय. माझं नाव घेतलं. आता मला माझं नाव—

१३ मार्च, सकाळ
एकही शब्द उरला नाही. जिन्याचं दार बाहेरून लावलंय. दादाचा मेसेज: काल तासभर मस्त गप्पा झाल्या, बोलावलंस तसा निघालोय.
मी फोन केलाच नव्हता. येऊ नकोस म्हणून दहा मेसेज टाकले. गाडी चालवत असणार, बघत नाही—

दुपार
दादा आला. खिडकी बडवतेय. वर बघ ना. मालक हसत पुढे—
खालून मी बोलतेय. लाडात. दाद्या, एक डाव खेळ की माझ्याशी—
नको
गोळी सुटली. दादा हसतोय. खळखळून. मध्येच थांबला—
आता यंत्र हसतंय, दादासारखं. आणि दादाचा आवाज—