भिऊन राहिली
रायपूर, रविवार, संध्याकाळ

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी आज पाहिलेल्या चित्रपटाचं परीक्षण लिहीत होतो. भुतांच्या कुटुंबाचा विनोदी ॲनिमेशनपट, दुसरा भाग. पहिल्यापेक्षा सैल, असं लिहिलं. नऊ वर्षांची मुक्ता खांद्यावरून वाचत होती. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, नेहमीचंच. आज मात्र म्हणाली,

"सैल म्हणजे ढीला ना, बाबा? काहून ढीला? भुताची पोट्टी शाळेत जायले भिऊन राहिली, मले तर तेच आवडलं."

भिऊन राहिली. माझ्या आईची वऱ्हाडी मराठी. हिला कधी आली? आणि मत तिचंच बरोबर. 'सैल' खोडलं, तिचं वाक्य घातलं. संपादक 'भीत होती' करतील. करतीलच. म्हणून समासात लिहिलं: दुरुस्त करू नये. वाक्य माझ्या मुलीचं आहे.