डबा लवकर संपला

शेल्बी, मोंटाना
४ ऑगस्ट १९८६

चि. सिग्नेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शेजारच्या लेफचा ट्रक परवा दारात थांबला आणि तुझा कॉफीचा डबा हातात पडला. आतल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या तू साबणाने धुऊन पाठवल्यास! बाई, त्या काय चहाच्या बश्या आहेत? मी त्या मक्याच्या बुरकुंडाच्या भुशात घोळवून साफ करतो, हे तुला चाळीस वर्षांत कळू नये? ओल्या राहिल्या होत्या. दोन दिवस खिडकीत वाळवल्या. तुझी चोकचेरीची जेली त्यात नव्हती, ती कधी येणार?

दुकानात गेलो होतो. रिव्हॉल्व्हरच्या अडतीस नंबरच्या पन्नास गोळ्यांचं खोकं आता चौदा डॉलरला झालंय. मला घरी भरून तेच चारला पडतं. दुकानदाराला तसं ऐकवलं, तर तो म्हणाला की तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर मला टपरी विकावी लागेल. त्याच्याकडून बंदुकीच्या दारूचा एक डबा तेवढा घेतला. शेजारचा नवा भाडेकरू माझ्याकडे एक खोकं मागायला आला होता. मी सरळ नाही म्हणालो. दुसऱ्याने भरलेली गोळी आपल्या बंदुकीत घालायची नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपल्या बाबांनी मला शिकवलं तेव्हापासून मी भरतो ते फक्त रक्ताच्या माणसांसाठी, म्हणजे आता तुझ्यासाठी.

युनिस जाऊन पाच महिने झाले. बावीस वर्षं ती माझ्या शेजारी बसून पन्नास पुंगळ्यांच्या पाटावर बॅटरी धरायची. प्रत्येकीत डोकावून ‘ठीक’ म्हणायची, आणि ती ‘ठीक’ म्हणाल्याशिवाय मी वर शिसं बसवत नसे. आता बॅटरीही मीच धरतो. कधी कधी तिचं ‘ठीक’ ऐकूही येतं. घाबरू नकोस, कानाला सवय लागली आहे, एवढंच. मार्चपासून मी स्वतः एकही गोळी झाडलेली नाही. पण भरायला बसलं की संध्याकाळ सरते.

चोकचेरीची जेली तुझ्याकडे झाली असेल तर लेफबरोबर पाठव. फोन करू नकोस, लांबच्या फोनला फार पैसे पडतात.

माझी आठवण असू दे.
तुझा,
आर्विड


मायनट, नॉर्थ डकोटा
१९ ऑगस्ट १९८६

ति. आर्विडदादास,
सा. न. वि. वि.

पुंगळ्या धुतल्या त्या तुझे कष्ट वाचावेत म्हणून. चांगलं करायला जावं तर भावाकडून हे ऐकावं लागतं! जेलीच्या चार बाटल्या पाठवते आहे. तिची चौकशी तू एकाच पत्रात दोनदा केलीस. आता तुझं वय झालं म्हणायचं की जिभेचे चोचले वाढले म्हणायचे?

गुरुवारी आमच्या बायकांच्या नेमबाजीच्या क्लबात मी दुसरी आले. पहिली आलेली ती बँकवाली, दुकानातल्या गोळ्या वापरते. तिला म्हटलं, तुझ्या एका खोक्यात माझा महिना निघतो. बिचारीचं तोंड बघण्यासारखं झालं.

आनंदाची बातमी म्हणजे आपल्या ट्रीनाला शेरीफच्या कचेरीत घेतायत. ऑक्टोबरात तिची नेमबाजीची परीक्षा आहे. सप्टेंबरपासून दर गुरुवारी माझ्याबरोबर सरावाला येणार म्हणते, तीही आजोबांचीच जुनी रिव्हॉल्व्हर घेऊन. नात पोलिसात गेलेली बघायला हे हवे होते. तेव्हा दादा, दोन खोकी जास्त लागतील.

एक विचारू का? रागावू नकोस. वहिनीच्या जागी बॅटरी धरायला कुणी येऊन बसेल का? लेफच्या बायकोला विचारून बघ. एकाच माणसाने भरायचं आणि त्यानेच तपासायचं, हे मला बरं वाटत नाही.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझी,
सिग्ने


शेल्बी, मोंटाना
१५ सप्टेंबर १९८६

चि. सिग्नेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ट्रीनाचं वाचून छाती फुगली. तिच्यासाठी दोन खोकी लेफकडे दिली आहेत. तो बुधवारी तुझ्या दारात येईल. चार खोकी इथे ठेवली आहेत, ती पुढच्या खेपेला.

लेफची बायको कशाला? ती बोलायला लागली की थांबत नाही, आणि माझ्या टेबलापाशी बोलायचं नसतं. तेवढं मला अजून कळतं. मी चाळीस वर्षं भरतोय, माझी दहाही बोटं जागेवर आहेत. तुला काळजी करायची एवढी हौस असेल तर स्वतःच्या गुडघ्यांची कर.

दुकानदाराची मात्र खोड मोडायला हवी. दारूच्या एका डब्यात माझी किती काडतुसं भरतात हे मला झोपेतही सांगता येईल. या वेळी डबा लवकर संपला. तीसेक काडतुसं कमी भरली. दोनदा मोजली. माप तेच, काटा तोच, डबा फोडला तेव्हा सीलबंद होता. म्हणजे कारखान्यातूनच कमी भरून येतोय. मी त्यांना पत्र लिहिणार आहे. गरिबाच्या पुंगळीतून चोरी करतात लेकाचे!

हल्ली पाट भरताना फोन फार वाजतो. उठून घ्यावा तर कुणीतरी चुकीचा नंबर लावलेला. परत येऊन बसतो, युनिसला विचारतो की कुठपर्यंत आलो होतो, आणि पुढे चालू करतो. पूर्वी उठावंच लागत नसे, फोन ती घ्यायची.

ट्रीनाला माझे आशीर्वाद सांग. आपला जीव एकमेकांवर असू दे.
तुझा,
आर्विड


मायनट, नॉर्थ डकोटा
१९ सप्टेंबर १९८६

चि. जोलीनला,
अनेक आशीर्वाद.

बाळ, आत्याचं पत्र एवढ्या घाईचं का, असं तुला वाटेल. आधी हे सांगते की सगळे सुखरूप आहेत. आता नीट बसून वाच.

काल गुरुवारी मी आणि ट्रीना क्लबात गेलो. निघताना तुझ्या वडिलांचं पत्र आलं, ते पर्समध्ये टाकलं. ट्रीना आजोबांची रिव्हॉल्व्हर घेऊन उभी राहिली, दादाने पाठवलेलं खोकं तिने फोडलं, आणि मी मागच्या बाकावर बसून पत्र उघडलं. त्यात त्याने लिहिलंय की दारूचा डबा लवकर संपला, तीसेक काडतुसं कमी भरली, कारखानेवाले चोर आहेत. जोलीन, मी ते वाक्य पुन्हा वाचलं. डब्यातली दारू हवेत जात नाही. ती पुंगळ्यांतच गेली असणार.

तू तुझ्या आईशेजारी बसून पाहिलेलं आहेस. त्या दारूने पुंगळी अर्धीसुद्धा भरत नाही. एकीत दोनदा पडली तरी मावते, वर शिसं बसतं, आणि बाहेरून सगळी काडतुसं सारखीच दिसतात. फरक बॅटरी धरूनच कळतो, आणि तोही शिसं बसवायच्या आत.

मी ओरडले. ट्रीनाच्या बोटाखाली चाप होता. अकरा गोळ्या झाडून झाल्या होत्या, बारावी नळीसमोर होती. मी जाऊन तिच्या हातातून रिव्हॉल्व्हर काढून घेतली. ती माझ्यावर चिडली, सगळ्यांसमोर काय हे, म्हणाली. क्लबाची जागा सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या ओलेने दोन्ही खोकी घरी नेली आणि उरलेलं एकेक काडतूस ठोकून उघडलं. त्यात सात निघाली, सातांत दुप्पट दारू. त्याने ती माझ्यासमोर कागदावर ओतून दाखवली. बारावी त्यातलीच होती. तो म्हणाला की रिव्हॉल्व्हर फुटली असती, आणि पोरीचा हात आणि डोळे गेले असते. मी घरी येऊन भांडी घासायला घेतली आणि घासतच राहिले.

अशीच चार खोकी अजून दादाच्या घरी आहेत. आता त्याला हे कसं सांगू? वहिनी गेल्यावर त्याच्याकडे तेवढं एकच काम उरलंय. तू त्याची मुलगी आहेस, तू सांग मी काय करू.

तुझी,
सिग्नेआत्या


स्पोकेन, वॉशिंग्टन
२७ सप्टेंबर १९८६

ति. सिग्नेआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. ट्रीनाला माझ्या वतीने जवळ घे.

पण आत्या, पाया पडते, बाबांना खरं सांगू नकोस. आपल्या हातच्या गोळीने ट्रीनाचा हात गेला असता हे त्यांना कळलं तर ते जगणार नाहीत. तू त्यांना ओळखतेस. ते कुणावर ओरडणार नाहीत, नुसते खुर्चीत बसून राहतील. आईच्या वेळी बसले होते तसे. मागच्या रविवारी मी फोन केला तर त्यांनी मला दोनदा विचारलं की आई तुझ्याकडे आली आहे का. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, काहीतरीच विचारतोय मी.

तू असं लिही की तुझी बोटं आखडली आहेत, डॉक्टरांनी नेमबाजी बंद करायला सांगितली, आता गोळ्या नकोत. तुला नकोत म्हटल्यावर ते भरणार तरी कुणासाठी? घरी चार खोकी आहेत म्हणतेस, पण ते स्वतः झाडतच नाहीत. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी जाईन, खोकी उचलून आणीन आणि त्यांनाही बरोबर घेऊन येईन. दोनच महिन्यांचा प्रश्न आहे.

आम्हा दोघांवर तुझी माया राहू दे.
तुझी,
जोलीन


मायनट, नॉर्थ डकोटा
४ ऑक्टोबर १९८६

ति. आर्विडदादास,
सा. न. वि. वि.

खोकी मिळाली. ट्रीनाला कचेरीतूनच गोळ्या मिळायला लागल्या, त्यामुळे तिची आता सोय झाली आहे. ती परीक्षेत नक्की पास होईल.

माझं मात्र रडगाणं आहे. बोटं आखडली आहेत. डॉक्टर म्हणाले, नेमबाजी पुरे, आता विणकाम करा. विणकामाला बोटं लागत नाहीत की काय, असं मी त्यांना विचारलं. तेव्हा दादा, आता माझ्यासाठी काही भरू नकोस. तूही तो गोळ्या भरायचा प्रेस काढून ठेव. हिवाळा जोलीनकडे काढ, नातवंडांत रमशील. यापुढे एकही पुंगळी भरणार नाहीस असा शब्द मला दे. धाकट्या बहिणीने आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही. बरं, जेलीच्या बाटल्या तेवढ्या परत मागितल्या असतील.

शब्द दिल्याचं उलट टपाली कळव. लोभ ठेव.
तुझी,
सिग्ने


शेल्बी, मोंटाना
१५ ऑक्टोबर १९८६

चि. सिग्नेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बोटांचं वाचून वाईट वाटलं. आपल्या आईचीही अशीच झाली होती. गरम पाण्यात मीठ घालून शेकत जा.

दिला शब्द. तुझं पत्र आलं त्याच दिवशी प्रेसचे बोल्ट सोडले. टेबलाला चार भोकं तेवढी राहिली. वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं. हल्ली पाट भरताना मध्येच कुठे आहोत ते विसरायला होत होतं. तुला सांगितलं नाही, तू लगेच लेफच्या बायकोला पाठवली असतीस. हिवाळ्यात जोलीनकडे जातो. झालं समाधान?

प्रश्न फक्त त्या चार खोक्यांचा होता. विकायची नाहीत, परक्याला द्यायची नाहीत, हा नेम मी मोडणार नाही. टाकून द्यावीत तर जिवावर येतं. चांगली भरलेली दोनशे काडतुसं आहेत, पैसे पडलेत त्यांना. मग ठरवलं की आपणच संपवायची. शनिवारी सकाळी कॉफीचा थर्मास घेऊन गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जातो. बरोबर युनिसची रिव्हॉल्व्हर नेतो. तिच्यानंतर ती कुणी चालवलेली नाही. दोनशेच्या दोनशे झाडतो, पुंगळ्या वेचून भंगारात देतो, आणि हा धंदा बंद करतो. कितीतरी दिवसांनी कशाची तरी वाट बघतोय.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मी तिथेच असेन. हसू नकोस म्हाताऱ्याला.

तुझ्या मायेवरच आमचं चाललंय, ती आटू देऊ नकोस.
तुझा,
आर्विड


मायनट, नॉर्थ डकोटा
शनिवार, १८ ऑक्टोबर १९८६

ति. आर्विडदादास,

साडेअकराला टपाल आलं. तेव्हापासून तुझा फोन वाजतोय आणि तू उचलत नाहीस. लेफच्या बायकोशी बोलले. ती म्हणाली, नऊला त्यांची गाडी गेली, त्यांनी हात केला आणि ते शीळ घालत होते. लेफ ट्रक घेऊन लांब गेलाय, गाडी दुसरी नाही. तुमच्या शेरीफच्या कचेरीत सांगितलंय, माणूस पाठवतो म्हणाले. खाण कुठली, असं त्यांनी मला विचारलं. तिथे तीन खाणी आहेत म्हणे. मला माहीत नाही दादा, कुठली ते तू लिहिलं नाहीस.

ट्रीना फोन धरून बसली आहे. माझ्या हातांना दुसरं काही करता येत नाही म्हणून लिहिते आहे. जे चार तारखेला लिहायला हवं होतं ते आज लिहिते.

माझी बोटं धडधाकट आहेत. कुठल्याही डॉक्टरने मला काही सांगितलेलं नाही. कारखानेवाल्यांनी तुला फसवलं नाही, तुझ्या डब्यात दारू पुरेपूर होती. ती तू काही पुंगळ्यांत दोनदा ओतलीस. ट्रीनाच्या दोन खोक्यांत तशी सात निघाली. तुझ्या डब्यात तीस कमी पडली होती. बाकीची तुझ्याकडच्या चार खोक्यांत आहेत. मला हे महिनाभर माहीत होतं. तुझं मन मोडू नये म्हणून मी गप्प बसले, आणि तुझ्याकडून शब्द घेतला तो न भरण्याचा. न झाडण्याचा घ्यायचं मला सुचलं नाही. तू झाडत नाहीस, असं धरून चालले. जोलीनला दोष देऊ नकोस. पत्रावर सही माझी होती.

तुझी चूक म्हातारपणाची आहे, ती कुणाचीही झाली असती. माझी चूक मी विचार करून केली.

हे वाचून तू मला काय वाटेल ते बोल. पुन्हा पत्र लिहू नकोस, दारात उभं करू नकोस. लोभ नसला तरी चालेल. तू घरी ये.

सिग्ने