होल्ड म्हणजे हलवायचं नाही

सोम., ३ मार्च
आजपासून चेकिंगच्या टेबलावर. सहा वर्षं पॅकिंगला उभी होते, आता बसायला खुर्ची. गोखिवऱ्याच्या आमच्या गाळ्यात कुकरचे सेफ्टी व्हॉल्व्ह होतात. शिटी तुंबून वाफ कोंडली की हा व्हॉल्व्ह उडतो, वाफ निघून जाते, कुकर फुटत नाही. प्रत्येक लॉटमधले दहा काढायचे, यंत्रावर तापवायचे, उडतात का बघायचं. मग खोक्यांवर स्टिकर. हिरवं ओके, लाल रिजेक्ट, पिवळं होल्ड. पहिली दोन कळली. होल्ड कशाला, विचारलं. सुपरवायझर पाटकर सर म्हणाले, ते लागत नाही, तुम्ही हिरवं लावत जा. लागत नाही तर छापलंय कशाला?

मंगळ., ४ मार्च
लेकीची, सायूची, बारावीची परीक्षा चालू आहे, तरी विचारलंच. तिने मोबाईलवरून वाचून दाखवलं: धरणे, पकडणे, थांबवणे, राखून ठेवणे. सभा भरवणे, तेही होल्डच. एका शब्दाला इतकी कामं! सगळं वहीत उतरवलं. सायू म्हणते, वाक्यात वापरल्याशिवाय येत नाही. बँकेतली बाई फोनवर प्लीज होल्ड म्हणते ते आठवलं, तेही लिहिलं.
हे म्हणाले, या वयात शब्दार्थ पाठ करून कलेक्टर होणार का? जेवण वाढलं. मग वही परत उघडली.

गुरु., ६ मार्च
चेकिंगच्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागे नियमांचा कागद सापडला. इंग्रजी. फोटो काढून आणला, सायूकडून वाचून घेतला. होल्ड: माल बरोबर की चूक याची खात्री नसेल तेव्हा लावणे. खात्री होईपर्यंत माल जागचा हलवायचा नाही. आणि ज्याने लावलं त्यानेच सही करून काढायचं. मालकालाही काढता येत नाही.
शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं.

सोम., १० मार्च
दहा तापवले. तीन उडालेच नाहीत. काटा लाल रेषेच्या पुढे गेला तरी ढिम्म. आणखी दहा घेतले, त्यातले दोन तसेच. पा. सर म्हणाले, यंत्र बिघडलंय, माल चांगला आहे. असेलही. मला ठाऊक नाही. पण ठाऊक नाही यासाठीच तर ते पिवळं आहे ना!
त्या लॉटच्या बाराही खोक्यांवर होल्ड लावलं. खाली नाव, तारीख. झाला वाक्यात उपयोग.

मंगळ., ११ मार्च
पा. सर सकाळीच टेबलाशी. होळीच्या आत माल जायचाय, स्टिकर काढा. म्हटलं, यंत्र दुरुस्त करा, माझ्यासमोर परत तापवा, उडाले की लगेच सही करते. यंत्राचा माणूस होळीनंतर येणार म्हणे. मग मालही होळीनंतर जाईल, म्हटलं.
घरी हे चिडले. माल त्यांचा, कुकर आणखी कुणाचा, फुटला तर तुला कोण विचारणार?
"मीच विचारणार मला," म्हटलं.

बुध., १२ मार्च
परत पॅकिंगला. माझ्या खुर्चीवर नवी मुलगी, तिच्यापुढे फक्त हिरवी स्टिकरं. राग आला, सणसणून आला. रडू आलं नाही, याचं बरं वाटलं.
शेजारी हिरामावशी. पाचूबंदरची, आधी मासळी विकायची. होल्ड म्हणजे काय ते तिने नीट समजावून घेतलं. म्हणाली, "वास बरा नसला तर मी पन टोपली बाजूला ठेवायची. ह्याला विंग्रजी कशाला पायजे?" मग खोकं बांधता बांधता, "खुर्ची त्यांची व्हती, नेली. सही तुझी हाय, ती कोन नेनार?"
ती. अख्ख्या गाळ्यात माझ्या बाजूने ती एकटी.

गुरु., १३ मार्च
होळी. पुरणाची डाळ कुकरला लावली. तीन शिट्या होईपर्यंत ओट्यापासून हलले नाही. त्या बारा खोक्यांतल्या प्रत्येक व्हॉल्व्हपुढे अशीच कुणीतरी उभी राहणार. भीती वाटली, खरंच. नोकरीची वाटते त्याहून जास्त.

शुक्र., १४ मार्च
सुट्टी. धुळवड. आमच्या फुलपाड्यात सगळी गल्ली रंगलेली, मी दार लावून वहीत वाक्यं लिहीत बसले. सायूने दोन चुका काढल्या. परत लिहिली.

शनि., १५ मार्च
आज शेठ स्वतः पॅकिंगच्या टेबलाशी आले. सहा वर्षांत पहिल्यांदा. चेकिंगचं रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवलं, त्यावर पेन. यंत्र अजून तसंच बंद, मी बघून आले होते. आवाज अगदी मऊ. "ताई, एक सही. सोमवारपासून परत तुमची खुर्ची."
खुर्ची हवी आहे मला. पाच वाजले की कंबर धरते, खोटं कशाला बोलू. पेन घेतलं. शेऱ्याच्या रकान्यात एकेक अक्षर सावकाश काढत इंग्रजीत लिहिलं: होल्ड. टेस्ट अगेन. पुढे सही, आजची तारीख.
शेठनी वाचलं. परत वाचलं. सगळ्या बायकांचे हात थांबलेले, हिरामावशीचे तेवढे चालू. सोमवारी दहाला केबिनमध्ये या, म्हणाले. येते, म्हटलं.
घरी सांगितलं. आज चहा ह्यांनी टाकला.
सोमवारी ठेवतील की काढतील, माहीत नाही. काढलं तरी त्या बारा खोक्यांना सही माझीच लागणार आहे.