दोघांना ओढणारी स्कूटर

रविवार, संध्याकाळ, बेहाला

अंदमानला जायचंय म्हणून आज लेकीला, मुक्ताला घेऊन पाण्याखालची स्कूटर, म्हणजे हातात धरली की पाण्यातून ओढत नेणारं यंत्र, बघायला गेलो. दुकानदाराने विचारलं, स्नॉर्कलिंग, फ्रीडायव्हिंग की स्कूबा? मी ऐटीत म्हणालो, "तिन्ही! आम्ही मालवणचे." किती खोल जाते, बॅटरी विमानात नेऊ देतात का, सगळं विचारलं. आठवडाभर वाचून ठेवलं होतं.

मालवणचे म्हणे! आईने कधी गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ दिलं नाही. लेकीच्या पोहण्याच्या क्लासला सहा वर्षं टॉवेल धरून काठावर बसलो. ती "बाबा, ये ना" म्हणाली की मला सर्दी. दरवेळी सर्दी!

मी सगळ्यात छोटी स्कूटर पसंत केली, तशी मुक्ता दुकानदाराला हळूच बंगालीत म्हणाली, "दोघांना ओढेल अशी द्या. बाबाला पोहता येत नाही. त्याला कळू देऊ नका हं."

मी बाहेर हिंदीच बोलतो, म्हणून तिला वाटतं मला बंगाली कळत नाही. नऊ वर्षं झाली इथे. कळतं.

मोठीच घेतली. ऑटोत मी नाक ओढलं तर विचारते, "सर्दी का रे, बाबा?"

हो म्हणालो.