सुपाखालचा वारा

बाई, तुमची-माझी, शिकवणाऱ्या सगळ्यांचीच एक तक्रार असते: पोरं प्रश्न विचारत नाहीत. मी विचारला, पण तुम्हाला खाली पाडायला. आठवतंय? सिरसाळ्याच्या शाळेत विज्ञानाचा कार्यक्रम आहे. तुम्ही पहिलीच्या पोरांना विमान कसं उडतं ते सांगताय. ओठाखाली वर्तमानपत्राची पट्टी धरून वरून फुंकर मारता, पट्टी वर उठते, पोरं हरखतात. "पंखावरच्या वाऱ्याला लांबचा रस्ता. खालच्याला गाठायला तो जोरात पळतो, म्हणून विमान वर जातं." मी तुमचाच जुना विद्यार्थी, तिथलाच नवा मास्तर, गावासमोर उठतो. "त्यानं खालच्याला गाठायचंच कशाला? हे साफ चूक आहे, बाई!" मग पाठांतर, अंधश्रद्धा, देशाचं भवितव्य. अर्धा तास बोललो. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी तुम्ही चुलीपुढं बसवून मला गरम भाकरी वाढलीत. "बोललास लई भारी. पण तुझं विमान जमिनीवरच राह्यलं की रं."

"बाई, पुस्तकात असं आहे की..."

"पुस्तक ऱ्हाऊ दे. लेकरांला काय सांगू?"

मला सांगता आलं नाही. "मला बी येत न्हाई," तुम्ही म्हणालात. "हुडकते."

पुढं मी नोकरी सोडून सभा गाजवत फिरू लागलो. एक दिवस गावच्या एसटीडी बूथवरून तुमचा निरोप आला: सापडलं, येऊन जा. दिंद्रुडला सभा होती, मग आणखी एक. मग तुम्हीच गेलात. तेराव्याला आलो, तेव्हा शाळेच्या मैदानावर पहिलीतली एक पोरगी रिकामं सूप घेऊन पळत होती. पुढची कड जराशी वर धरलेली, सूप हातातून वर उठू पाहत होतं.

"बाईनं शिकीवलंय. सूप वाऱ्याला खाली ढकलतं, वारा सुपाला वर. विमानाचा पंख तसाच."

"मग इंजिन कशाला?"

"पळायला! उभ्या-उभ्या कसं उडंल?" ती हसली.

आता हे मी व्यासपीठावरून सांगतो. लोक टाळ्या वाजवतात, आपापल्या घरी जातात. मी एकटा जेवतो. माझं कुठं चुकलं ते सांगणारं समोर कुणी नसतं. निरोप उशिरा मिळाला, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. तो त्याच दिवशी मिळाला होता, बाई. जे मला आलं नाही ते तुम्हाला सापडलं, हे ऐकायला यायचं नव्हतं. एकदा मला चांगलं रागवा.